तवा वेगळा, पंगत एकच
गहू न चालणाऱ्या माणसाचे सणासुदीचे जेवण

१४ एप्रिलची मिरवणूक संपते आणि विहारासमोर पंगत बसते. बुद्ध पौर्णिमेला खीरदान होते. अशोक विजयादशमीला लेकीबाळी माहेरी येतात. वर्षावासाच्या समाप्तीला सगळी वस्ती एकत्र जेवते. या प्रत्येक दिवशी पानात गहू असतोच: पुरी, चपाती, पुरणपोळी, शिरा, शेवयांची खीर, जिलेबी, गुलाबजाम. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण वस्तीत एखादे मूल, एखादी सून किंवा एखादा म्हातारा माणूस असा असू शकतो की ज्याच्या पोटात गव्हाचा कणही जाऊन चालत नाही. त्या माणसाने सणाला काय खावे आणि आपण बाकीच्यांनी त्याला कसे वाढावे, हे या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही सांगत आहोत.

आजार काय आहे?

गहू आणि जव (म्हणजे सातू) या धान्यांत ग्लुटेन नावाचे चिकट प्रथिन असते. कणीक मळल्यावर ती ताणली जाते, पोळी लाटता येते, पाव फुगतो, तो या ग्लुटेनमुळे. ज्वारीत ते नसते, म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात.

काही माणसांच्या शरीराला ग्लुटेन शत्रू वाटते. ते आतड्यात आले की शरीराची रोगाशी लढणारी शक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातले सत्त्व तेच शोषून घेतात. या आजारात ते झिजून सपाट होतात. मग माणूस कितीही खावो, अंगी लागत नाही. या आजाराला सिलिॲक म्हणतात. तो संसर्गाने होत नाही. एकाचे उष्टे खाल्ल्याने किंवा एका ताटात जेवल्याने दुसऱ्याला होत नाही. त्याचा कल रक्ताच्या नात्यातून येतो. घरात एकाला असेल तर आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करून घ्यावी.

गव्हाचा संबंध कसा कळला, तेही जाणून घेण्यासारखे आहे. नेदरलँड्स देशात विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे मोठी अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. बाकी लोक उपाशी मरत असताना या आजाराची मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत आला आणि मुले पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९५० साली त्यांनी आपले संशोधन प्रबंधात मांडले.

आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्यांचा म्हणून बराच काळ दुर्लक्षित राहिला. दिल्ली परिसरातल्या पाहणीत तो सुमारे शंभरात एकाला आढळला. दक्षिण भारतात, जिथे भात जास्त खाल्ला जातो, तिथे तो पुष्कळ कमी दिसला.

ओळखावा कसा?

खालील गोष्टी महिनोन्महिने चालू असतील तर डॉक्टरांना सिलिॲकबद्दल मुद्दाम विचारा:

- वारंवार जुलाब, पोट फुगणे, पोटात दुखणे. काहींना उलट बद्धकोष्ठ.
- मुलाचे वजन आणि उंची न वाढणे, हातपाय काडीसारखे आणि पोट मोठे.
- लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त न वाढणे.
- तोंडात सतत फोड, कायमचा थकवा, हाडे दुखणे.
- मुलीला पाळी उशिरा येणे. बाईला दिवस न राहणे किंवा वारंवार गर्भपात होणे.

ही लक्षणे दुसऱ्या आजारांतही असतात, म्हणून अंदाजाने ठरवू नये. आपल्या वस्तीत बारीक मुलाला ‘खात नाही म्हणून असा’ आणि रक्त कमी असलेल्या बाईला ‘बायकांचे असेच असते’ असे म्हणून सोडून देतात. तिथेच वर्षे वाया जातात.

पहिली तपासणी रक्ताची असते. तिला टीटीजी तपासणी म्हणतात. त्यात दोष दिसला तर बहुधा दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा घेऊन पाहतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय नसली तरी तिथल्या डॉक्टरांकडून जिल्हा रुग्णालयासाठी किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी घेता येते.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्तातली खूण हळूहळू पुसली जाते आणि आजार असूनही तपासणी चांगली येते. तसेच, कुणी सांगितले किंवा मोबाईलवर पाहिले म्हणून निरोगी माणसाने गहू सोडण्याची गरज नाही. रेशनचा गहू आपल्या घराचा मोठा आधार आहे.

आमच्या भागात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच बायांना, ज्यांतल्या कित्येक दलित समाजातल्या आणि न शिकलेल्या होत्या, त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केले. वस्तीतली बाई डोळे उघडे ठेवून आजार ओळखू शकते, हे त्या बायांनी दाखवून दिले. आज आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत. मूल वाढत नाही ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला.

औषध एकच, आणि ते आपल्या चुलीवर आहे

या आजाराला आज तरी एकच उपाय आहे: जन्मभर गहू आणि जव बंद. गहू बंद केल्यावर जुलाब काही आठवड्यांत कमी होतात, मुलाचे वजन वाढू लागते. आतडे पूर्ण भरून यायला मात्र महिने, मोठ्या माणसात कधी दोन वर्षेही लागतात.

शहरात हे पथ्य महागाचे वाटते, कारण तिथे ग्लुटेन नसलेला पाव, बिस्किटे, पीठ पाकिटातून विकत घेतात. जामखेड तालुक्यातले खर्डा आणि भोवतालची गावे शाळूची, मालदांडी ज्वारीची. इथल्या गरिबाचे रोजचे अन्न म्हणजे भाकरी, कण्या आणि आंबील. गव्हाची पोळी आपल्या आजी-पणजीच्या काळात सणालाच दिसायची, तीही सगळ्यांच्या घरी नाही. म्हणून पोळी म्हणजे मान आणि भाकरी म्हणजे गरिबी असे आपल्या मनात बसले आहे. पाहुणा आला की भाकरी मागे सरते आणि चपाती पुढे येते. ज्याला गहू चालत नाही त्याला मात्र रोजची भाकरी तारते आणि सणाची पोळी मारते. त्याच्यासाठी भाकरी वाढणे म्हणजे पाहुणचारात कमीपणा नाही, हे घरच्या मोठ्यांनी ठरवले की निम्मे काम झाले.

ज्वारीला आता दाम मोजावे लागतात आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, ही अडचण खरी आहे. त्यावर वाटणी करावी. गहू बाकीच्यांनी खावा आणि रेशनचा तांदूळ आजारी माणसासाठी राखावा. सुगीत ज्वारी स्वस्त असते, तेव्हा एका माणसापुरती वर्षाची भरून ठेवावी.

चालते काय, चालत नाही काय

*बिनधास्त चालते :* ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी आणि कडधान्ये, बेसन, शेंगदाणे, तीळ, गूळ, दूध, दही, तूप, अंडी, मटण, कोंबडी, मासळी, बोंबील, भाज्या आणि फळे.

*मुळीच चालत नाही :* चपाती, पुरी, पुरणपोळी, रवा, मैदा, शेवया, दलिया, शिरा, उपमा, रव्याचे लाडू, गव्हाची खीर, गव्हाची कुरडई, करंजी, शंकरपाळी, जिलेबी, गुलाबजाम, पाव, टोस्ट, खारी, बिस्किट, केक, समोसा, सातूचे पीठ, माल्ट घातलेली दुधाची पावडर.

*विचारून खावे :* इथेच माणसे फसतात. हुलग्याच्या शेंगोळ्यात आणि धपाट्यात बऱ्याच घरी मूठभर कणीक घालतात. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. बेसनाच्या लाडवात कुणी रवा मिसळतो. चकलीत कुणी मैदा घालतो. बाजारच्या हिंगात पुष्कळदा मैदा असतो. पाकीट वाचून घ्यावे. आचाऱ्याने रस्सा दाट करायला पीठ लावले का, तेही विचारावे. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेले असेल तर सरकारी नियमाप्रमाणे त्या मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे.

‘एवढ्याशाने काय होते?’

सणात सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य हेच आहे. मावशी मायेनेच म्हणते, ‘‘वर्षाचा सण आहे, एक घास खा, काही होत नाही.’’ पण होते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे तपासणीत दिसले आहे. एका चपातीत दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग, नखाएवढा तुकडा. घास खाल्ल्यावर माणूस लगेच कोसळत नाही, म्हणून मावशीला वाटते की काही झाले नाही. जुलाब दुसऱ्या दिवशी लागतात, कधी लागतही नाहीत, पण आतड्याची झीज आतल्या आत चालू राहते. मधुमेहाच्या माणसाला सणाच्या दिवशी साखर माफ होत नाही. हेही तसेच आहे.

वेगळे भांडे, पण विटाळ नव्हे

आता जे सांगायचे आहे ते नाजूक आहे. आपल्या समाजाने अन्नावरून फार सोसले आहे. आपल्या हातचे कुणी खात नव्हते. हॉटेलात आपला कप वेगळा ठेवत. पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. त्यामुळे आपल्या घरी कुणी वाढलेले ताट परत केले की काळजाला लागते. ‘आमच्या हातचे चालत नाही का?’ हा प्रश्न आपल्या तोंडून नुसता रागाने येत नाही, त्यामागे पिढ्यांची आठवण असते. आणि घरातल्याच लेकराचा तवा वेगळा, परात वेगळी करा असे डॉक्टर सांगतात, तेव्हा आजीला ते ऐकवत नाही.

म्हणून दोन्ही बाजूंनी समजून घेतले पाहिजे. तो वेगळा कप माणसाला खाली ठेवण्यासाठी होता. हा वेगळा तवा माणसाला जगवण्यासाठी आहे. त्या वेळी भांडे वेगळे होते आणि माणूसही बाहेर बसत होता. इथे भांडे वेगळे आहे, पण माणूस आपल्याच पंगतीत, आपल्याच मांडीला मांडी लावून बसतो. तसे बसवणे ही आपली जबाबदारी आहे. गहू न खाणाऱ्या पोराला ‘तू आत बसून तुझे खा’ असे सांगू नका. त्याचे ताट त्याच पंगतीत मांडा.

नवी सून असेल तर जास्त जपावे. माहेरी आजार कळलेला असतो, पण सासरी ‘नखरेल’ म्हणतील म्हणून ती गप्प पोळी खाते आणि न्हाणीघरात उलटी करते. पहिले मूल पोटात राहत नाही, तेव्हा दोष पुन्हा तिलाच येतो. सोयरीक ठरतानाच हे मोकळेपणाने सांगावे. पथ्य पाळणाऱ्या बाईचा संसार इतरांसारखाच होतो आणि मुलेही होतात.

सणाच्या स्वयंपाकात काय सांभाळावे

१. *गिरणी.* गव्हानंतर त्याच जात्यात ज्वारी दळली की त्यात गव्हाचे पीठ उतरते. काही गिरण्यांत ज्वारी-बाजरीचे जाते वेगळे असते, तिथे दळावे. नसेल तर गिरणीवाल्याला सांगून जाते झाडून घ्यावे आणि सुरुवातीचे किलोभर पीठ बाकीच्या घरासाठी बाजूला काढावे. घरात जुने जाते असेल तर त्याच्याइतके चांगले काही नाही.

२. *आधी भाकरी, मग पोळी.* कणीक मळली की पीठ हवेत उडते आणि सगळीकडे बसते. म्हणून सकाळी पहिल्यांदा त्या माणसाची भाकरी, भाजी, भात करून झाकून ठेवावे. मग गव्हाच्या पिठाला हात लावावा.

३. *तवा आणि परात.* त्याच्या भाकरीचा तवा आणि काटवट वेगळी ठेवावी. लाकडाच्या भेगांत पीठ राहते, म्हणून चपातीचे पोळपाट-लाटणे त्याच्यासाठी नको. स्टीलची ताट-वाटी मात्र साबणाने स्वच्छ धुतली की चालते.

४. *तेल.* पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड किंवा भजी तळू नयेत. त्याचे आधी तळून घ्यावे.

५. *पुरण.* पुरण हरभऱ्याची डाळ आणि गूळ यांचे असते, ते त्याला चालते. पोळ्या लाटायला बसण्याआधी वाटीभर पुरण काढून ठेवावे. तूप किंवा दूध घालून ते पोळीइतकेच गोड लागते. कटाची आमटीही चालते, फक्त हिंग पाहावा.

६. *वाढप.* चपाती वाढलेल्या हाताने त्याला भात वाढू नये. पळी एका पातेल्यातून दुसऱ्यात फिरवू नये. सगळ्यात सोपे म्हणजे त्याला पहिल्यांदा वाढावे.

असे केले तर खर्ड्यातल्या घरात सणाचे पूर्ण ताट गव्हावाचून होते: ज्वारीची गरम भाकरी, मटणाचा रस्सा किंवा कटाची आमटी, पिठले, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा, भात, उडदाचा पापड आणि वाटीभर पुरण. या ताटात कुणाला काही कमी वाटणार नाही.

विहारातले आणि लग्नातले जेवण

मोठ्या पंगतीत प्रत्येक गोष्ट विचारता येत नाही. म्हणून चार गोष्टी आधी कराव्यात.

ज्याला पथ्य आहे त्याने किंवा त्याच्या आईने जेवणाच्या आदल्या दिवशी मंडळाच्या कार्यकर्त्याला आणि आचाऱ्याला सांगावे. वाढप सुरू असताना सांगून उपयोग नसतो. बोलणे साधे असावे: ‘‘दादा, पोराला डॉक्टरांनी गहू बंद केलाय. त्याच्या भाताची वाटी पुऱ्या तळायच्या आधी काढून ठेवाल का?’’ असे विचारले तर बहुधा कुणी नाही म्हणत नाही.

खात्री नसेल तर घरचा डबा न्यावा आणि पंगतीत बसून खावा. यजमानाला आधीच सांगावे: ‘‘वहिनी, तुमच्या घरी येणारच, पंगतीला बसणारच. भाकरी तेवढी बरोबर आणते. तुमचा चहा मात्र हक्काने घेणार.’’ यजमानिणीनेही आग्रह करायचाच असेल तर दह्याचा करावा, केळ्याचा करावा.

मुलाला स्वतः बोलायला शिकवावे. पाच-सहा वर्षांचे पोरही सांगू शकते, ‘‘आत्या, मला बिस्किट नको, चिक्की चालते.’’ त्याच्या खिशात शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू असला की दुसऱ्याच्या हातातल्या केकवर डोळा जात नाही. शाळेत आणि अंगणवाडीतही सांगून ठेवावे, कारण तिथल्या खाऊच्या पाकिटात गहू असू शकतो.

बुद्ध पौर्णिमेच्या खीरदानाबद्दल आमची एक सूचना आहे. सुजाताने सिद्धार्थाला दिलेली खीर दूध आणि तांदळाची होती. आता सोयीसाठी पुष्कळ ठिकाणी शेवयांची किंवा गव्हाची खीर करतात. विहारात तांदळाची खीर केली तर ती आपल्या कथेला धरून होईल आणि वस्तीतल्या प्रत्येकाला खाता येईल. कुणाला वेगळी वाटी काढण्याची गरजच उरणार नाही.

चुकून खाल्ले तर

घाबरू नये आणि त्या माणसाला बोलू नये. त्यावर उताऱ्याचे औषध नाही. जुलाब लागले तर मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस द्यावे, भात-ताक द्यावे आणि पथ्य पुन्हा सुरू करावे. मूल सुस्त पडले, लघवी कमी झाली, उलट्या थांबत नसल्या तर दवाखान्यात न्यावे. गहू खाल्ल्यावर लगेच ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा दम लागणे ही गव्हाची ॲलर्जी असते. तो वेगळा आजार आहे. तेव्हा क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना दाखवावे. रक्त, वजन, मुलाची उंची तपासून घ्यावी. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वांच्या गोळ्या लागतील तर त्यांच्या सल्ल्याने घ्याव्यात.

भगवान बुद्धांनी अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतः धुऊन-पुसून निजवले आणि आजाऱ्याची सेवा करण्यास संघाला सांगितले, ही विनयपिटकातली गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. येत्या सणाला आपल्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला जेवणाआधी एक प्रश्न विचारा: ‘‘तुम्हाला काय चालत नाही?’’ आणि उत्तर मिळेल त्याप्रमाणे वाढा.